आतड्यांतील वायू

पचनमार्गात साठणारा आणि ढेकरेवाटे किंवा गुदद्वारावाटे बाहेर पडणारा वायू. निरोगी माणसाच्या पोटातही तो सतत तयार होत असतो. दिवसातून १० ते २० वेळा वात सरणे हे स्वाभाविकच आहे.

भरभर जेवताना, च्युइंगगम चघळताना किंवा सोडा पिताना पोटात गेलेली हवा बहुतेक ढेकरांतून परत जाते. खालून सरणारा वायू मुख्यतः मोठ्या आतड्यात तयार होतो. लहान आतड्यात न पचलेली कर्बोदके तेथील जीवाणू आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही जणांत मिथेन निर्माण होतो. या तिन्हींना वास नसतो. दुर्गंधी येते ती हायड्रोजन सल्फाइडसारख्या अत्यल्प गंधकयुक्त वायूंची. म्हणून वासावरून वायूचे प्रमाण ठरवता येत नाही.

वाल, पावटे, हरभरा, वाटाणा यांना घरोघरी ‘वातूळ’ म्हणतात ते खरेच आहे. त्यांतील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा फोडणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसते. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिले की यांतील काही शर्करा निघून जातात, आणि मोड येताना उरलेल्यांपैकी बऱ्याच अंकुरच वापरतो. त्यामुळे मोडाची उसळ तुलनेने सोसते. हिंग-ओव्याने अनेकांना आराम वाटतो, पण त्याचा वैज्ञानिक पुरावा तोकडा आहे. शिवाय हिंगाच्या फोडणीतच भरपूर कांदा-लसूण परतला, तर त्यांतील फ्रुक्टान ही कर्बोदके नव्याने वायू करतात! गव्हातही फ्रुक्टान असतात. दुधातील लॅक्टोज न पचणाऱ्यांना दूध बाधते, दही बहुधा चालते.

पोट डब्ब होण्याची तक्रार मात्र वेगळी समजून घ्यावी लागते. अशा अनेक रुग्णांच्या पोटात इतरांपेक्षा फारसा जास्त वायू आढळत नाही. आतडी अधिक संवेदनशील असतात, किंवा जेवणानंतर श्वासपटल (छाती व पोट यांमधला स्नायूंचा पडदा) खाली सरकते आणि पोटाचे स्नायू सैल पडून पोट पुढे येते. केवळ वायूवरची औषधे घेऊन येथे भागत नाही. बद्धकोष्ठता असेल तर आधी ती दूर करावी.

काय खाल्ल्यावर त्रास होतो याची काही दिवस नोंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केलेल्या ‘लो-फॉडमॅप’ आहारात आंबणारी कर्बोदके काही आठवडे कमी करून मग एकेक परत सुरू करतात. तो कायमचा आहार नव्हे आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावा. तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवावेत. शतपावलीने वायू पुढे सरकण्यास मदत होते. वायूचे बुडबुडे फोडणाऱ्या सिमेथिकोन या औषधाचा गुण व्यक्तीनुसार बदलतो. अम्लविरोधी गोळ्या आम्लावर काम करतात, आतड्यांतील वायूवर नाही.

वजन घटणे, शौचातून रक्त, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली फुगवटी असल्यास तपासणी हवी. स्त्रियांमध्ये सततची फुगवटी हे अंडाशयाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. पोट फुगून उलट्या होणे आणि शौच व वात दोन्ही बंद होणे ही आतडे अडल्याची खूण असू शकते. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असताना ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पीत बसू नये. हृदयविकाराचा झटकाही असाच भासतो. तातडीने रुग्णालय गाठून ईसीजी काढावा.