भाषा-मॉडेलमध्ये गेलेल्या पुस्तकांचा हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये अँथ्रोपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील अमेरिकी कंपनीने लेखक आणि प्रकाशकांशी १५० कोटी डॉलरची तडजोड केली आणि सुमारे ४ लाख ८२ हजार पुस्तकांमागे प्रत्येकी साधारण ३,००० डॉलर द्यावयाचे ठरले. आपल्या पुस्तकांवर कृत्रिम बुद्धिमत्ता शिकली म्हणून लेखकांना अखेर मोबदला मिळाला, असा या बातमीचा अर्थ सहज लावला जातो. पण ती रक्कम त्यासाठी नव्हती. पुस्तके पायरसीच्या संकेतस्थळांवरून उतरवून घेतली होती, त्याची ती भरपाई होती. रीतसर मिळवलेल्या पुस्तकावर यंत्राला शिकवले तर लेखकाचे काही देणे लागते का, आणि लागत असेल तर ते मोजायचे कसे, हा प्रश्न होता तिथेच आहे. त्यातला मोजणीचा भाग मुळात विज्ञानाचा आहे, आणि कायद्याच्या चर्चेत नेमका तोच मागे पडतो.

भाषा-मॉडेल म्हणजे मजकूर वाचून भाषा शिकणारी आणि स्वतः मजकूर तयार करणारी संगणक-प्रणाली. तिला पुस्तक देण्याआधी मजकुराचे लहान लहान तुकडे केले जातात. या तुकड्यांना टोकन म्हणतात. नेहमीच्या वापरातला छोटा इंग्रजी शब्द म्हणजे बहुधा एक टोकन असते, तर लांब किंवा विरळ शब्दाची दोन-तीन टोकने होतात. मग मजकुराचा काही भाग समोर ठेवून पुढचे टोकन कोणते असेल याचा अंदाज मॉडेलला करायला लावतात आणि अंदाज व प्रत्यक्ष मजकूर यांत जी तफावत पडते तिच्यानुसार मॉडेलमधील अब्जावधी आकड्यांत, म्हणजे पॅरामीटरांत, अतिसूक्ष्म फेरफार करतात. एका पुस्तकाने जे आकडे हलवले तेच आकडे पुढचे पुस्तक पुन्हा हलवते. त्यामुळे प्रशिक्षण संपल्यानंतर मॉडेलमध्ये पुस्तकाची फाइल उरत नाही आणि अमुक आकडा अमुक लेखकामुळे असा झाला, असेही सांगता येत नाही.

कॉपीराइट कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या शब्दबद्ध मांडणीला देतो. मॉडेलमध्ये मांडणी उरत नाही, उरतो तो भाषेचा घाट, असा कंपन्यांचा युक्तिवाद याच आधारावर उभा आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. मॉडेलने पहिला अंदाज करण्याच्या कितीतरी आधी पुस्तक उतरवून घेतले जाते, साफ केले जाते आणि सर्व्हरवर साठवले जाते, आणि यातील प्रत्येक पायरीवर कायद्याच्या अर्थाने प्रत तयार होते. शिवाय मॉडेलमध्ये मांडणी कधीच उरत नाही, हे म्हणणेही खरे नाही. स्टॅनफर्डसह काही विद्यापीठांतील संशोधकांनी २०२५ मध्ये मेटा कंपनीचे लामा ३.१ हे ७,००० कोटी पॅरामीटरांचे मॉडेल तपासले. हॅरी पॉटर मालिकेतील पहिल्या पुस्तकाचा सुमारे ४२ टक्के भाग त्या मॉडेलमध्ये इतका पक्का बसला होता, की त्यातील ५० टोकनांचे उतारे ते ५० टक्क्यांहून अधिक संभाव्यतेने जसेच्या तसे पुन्हा देऊ शकत होते. तपासलेल्या इतर बहुतेक पुस्तकांच्या बाबतीत हे प्रमाण फारच कमी निघाले. एकच मजकूर प्रशिक्षणात वारंवार आला की तो पाठ होण्याची शक्यता वाढते, आणि गाजलेल्या पुस्तकांचे उतारे इंटरनेटवर असंख्य ठिकाणी विखुरलेले असतात.

न्यायालयेही या प्रश्नावर एकमताची नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने ओपनएआयविरुद्धच्या खटल्यात, गाण्यांचे शब्द मॉडेलला पाठ असणे म्हणजे त्यांची प्रत मॉडेलमध्ये असणेच होय, असे मानले. त्याच महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने छायाचित्रांविषयीच्या एका खटल्यात, ज्या मॉडेलमध्ये मूळ कृती साठवलेली नाही त्याला बेकायदा प्रत म्हणता येणार नाही, असा निर्णय दिला. अमेरिकेत जून २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन न्यायाधीशांनी दोन दिवसांच्या अंतराने निकाल दिले. अँथ्रोपिकच्या खटल्यात विल्यम अल्सप यांनी प्रशिक्षण हा मूळ पुस्तकापेक्षा अगदी वेगळ्या हेतूने केलेला, म्हणून न्याय्य वापर, म्हणजे परवानगीशिवायही कायदेशीर असलेला वापर, ठरवला. विकत घेतलेली छापील पुस्तके उसवून स्कॅन करणेही त्यांना मान्य झाले. पायरसीतून आलेल्या ७० लाखांहून अधिक प्रतींचा कायमस्वरूपी संग्रह मात्र त्यांनी मान्य केला नाही. मेटाच्या खटल्यात विन्स छाब्रिया यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला, पण तो फिर्यादी लेखकांनी बाजारातील नुकसानीचा पुरावा आणला नाही म्हणून; यंत्राने तयार केलेल्या मजकुराच्या लोंढ्याने मूळ पुस्तकांची बाजारपेठ बुडत असेल तर बऱ्याच प्रकरणांत असे प्रशिक्षण बेकायदा ठरेल, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

शाळेतल्या मुलांना चांगले लिहायला शिकवले तर उद्या तीही पुस्तके लिहून स्पर्धा करतील, त्याबद्दल जशी तक्रार करता येत नाही तशी इथेही करता येणार नाही, असे अल्सप यांचे म्हणणे होते. छाब्रिया यांना ही तुलना चुकीची वाटली, आणि मलाही छाब्रिया यांचेच बरोबर वाटते. माणूस आयुष्यभरात काही हजार पुस्तके वाचतो आणि त्या वाचनातून एक लेखक घडतो. मॉडेल लाखो पुस्तके घेते आणि त्याच विषयांवरचा मजकूर अखंड तयार करण्याची क्षमता एकाच वेळी कोट्यवधी लोकांच्या हाती देते. इथे परिमाण बदलल्यामुळे परिणामाची जातच बदलते.

आता मोजणीकडे वळू. लामा ३.१ च्या प्रशिक्षणात १५ लाख कोटींहून अधिक टोकने वापरली गेली. एक लाख शब्दांच्या इंग्रजी पुस्तकाची साधारण १ लाख ३० हजार टोकने होतात. म्हणजे अशा पुस्तकाचा वाटा साडेअकरा कोटी भागांतील एक भाग एवढाच भरतो. समजा, एखाद्या कंपनीने १०० कोटी डॉलर बाजूला काढून टोकनांच्या प्रमाणात वाटले, तर त्या पुस्तकाच्या लेखकाला नऊ डॉलरही मिळणार नाहीत. त्यातही टोकन हे माप भरवशाचे नाही. देवनागरी मजकुराचे बहुतेक मॉडेल इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे करतात, त्यामुळे तोच आशय मराठीत लिहिला तर त्याची टोकने वाढतात. ही वाढ मॉडेलच्या रचनेची आहे, तिचा लेखनाच्या मोलाशी संबंध नाही.

मग प्रमाण सोडून प्रभाव मोजावा, असे कोणी सुचवेल. एखादे पुस्तक वगळून मॉडेल पुन्हा घडवायचे आणि दोन्हींतील फरक पाहायचा, ही त्याची शुद्ध पद्धत. प्रत्येक पुस्तकासाठी अवाढव्य मॉडेल नव्याने घडवणे अशक्य असल्याने संशोधक गणिती अंदाज काढतात, पण एवढ्या मोठ्या मॉडेलसाठी ते अंदाज महागही पडतात आणि ढोबळही राहतात. खरी अडचण मात्र याहून खोल आहे. एक पुस्तक काढून घेतल्याने मॉडेलमध्ये जाणवण्याजोगा फरक पडतच नाही, आणि मेटाने न्यायालयात हाच मुद्दा मांडला होता. हा तर्क पुस्तकागणिक लावत गेले की प्रत्येक पुस्तकाची किंमत जवळजवळ शून्य येते आणि सगळी शून्ये मिळवून बेरीजही शून्यच होते. वस्तुतः दीर्घ, सुसंगत, संपादित गद्याचा एवढा मोठा साठा पुस्तकांखेरीज कुठेच नाही आणि म्हणूनच कंपन्या पुस्तकांच्या मागे लागल्या. जे मूल्य समूहात आहे आणि सुट्या घटकात दिसत नाही, त्याची वाटणी सुट्या घटकाच्या मापाने करता येत नाही.

म्हणूनच ३,००० डॉलर हा आकडा विज्ञानातून आलेला नाही. हेतुपुरस्सर उल्लंघन झाल्यास अमेरिकी कायदा प्रत्येक कृतीमागे ७५० पासून १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई देऊ शकतो, आणि त्या टांगत्या धोक्याच्या छायेत ही रक्कम ठरली. ७० लाख प्रतींतून ४ लाख ८२ हजार पुस्तकेच उरली, ती दुबार प्रती गळाल्याने आणि अटींमुळे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंदणी झालेली असणे ही त्यांतली एक अट. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ च्या सुधारणेपासून चालत आलेले तत्त्व असे, की कॉपीराइटसाठी नोंदणीची गरज नाही. पण अमेरिकेत ही ठरावीक भरपाई मागायची तर वेळेत केलेली नोंदणी लागते. जगातल्या बहुसंख्य लेखकांनी ती कधी केलेलीच नसते. त्याच संग्रहात त्यांचे पुस्तक असूनही त्यांच्या वाट्याला काही आले नाही, ही गोष्ट मला या तडजोडीतली सर्वांत अन्यायाची वाटते.

संमतीने झालेले व्यवहारही आहेत. २०२४ मध्ये हार्परकॉलिन्सने निवडक पुस्तके तीन वर्षांसाठी एका तंत्रज्ञान कंपनीला प्रशिक्षणासाठी देऊ केली, प्रत्येकी ५,००० डॉलर, निम्मे लेखकाला, तेही लेखकाने होकार दिला तर. पण लक्षावधी लेखकांशी एकेक करार कोण करणार? सामूहिक वापराचा मोबदला सामूहिकपणे गोळा करण्याचे मार्ग जुने आहेत. ग्रंथालयातल्या पुस्तकांबद्दल लेखकाला पैसे देण्याची पद्धत डेन्मार्कने १९४६ मध्ये सुरू केली, तर घरगुती ध्वनिमुद्रण रोखता येत नाही हे ओळखून पश्चिम जर्मनीने १९६५ च्या कायद्यात ध्वनिमुद्रण यंत्रांवरच आकार बसवला. भारतात डिसेंबर २०२५ मध्ये एका सरकारी समितीने याच वळणाचा प्रस्ताव मांडला, की प्रशिक्षणासाठी सरसकट परवाना असावा आणि कंपन्यांनी उत्पन्नाच्या प्रमाणात मानधन द्यावे. त्यात नकाराचा हक्क लेखकाच्या हातून जातो, हे उणे आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने नकाराचा हक्क ठेवला, पण तो बजावण्याचा भार लेखकावर टाकला, आणि पायरसीच्या संग्रहात गेलेल्या प्रतीसोबत तो नकार प्रवास करत नाही.

यातला कोणताही मार्ग निवडला तरी वाटणीसाठी एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे कोणती पुस्तके आत गेली याची नोंद. मॉडेल तयार झाल्यावर ती त्याच्या आकड्यांतून काढता येत नाही, म्हणून ती आधीच ठेवली पाहिजे: पुस्तकाचा आयएसबीएन हा ओळख-क्रमांक, प्रत कुठून मिळवली, कधी मिळवली आणि प्रशिक्षणात ती किती वेळा वापरली. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने ऑगस्ट २०२५ पासून प्रशिक्षण-सामग्रीचा गोषवारा प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आहे, पण गोषवारा म्हणजे पुस्तकांची यादी नव्हे, आणि आपले पुस्तक त्यात आहे का हे लेखकाला त्यावरून कळत नाही. अशी यादी करणे शक्य आहे, हे अँथ्रोपिकच्या प्रकरणातच दिसले. उतरवलेल्या फाइली आणि त्यांची माहिती जपलेली होती, म्हणून त्यांतून पुस्तकांची नावे जुळवता आली आणि लेखकांना आपले पुस्तक त्या यादीत शोधून दावा करता आला. ती यादी खटल्यानंतर तयार झाली; प्रशिक्षणापूर्वी ती मागण्याचा अधिकार आज लेखकाकडे नाही, आणि लेखकांच्या संघटनांनी मोबदल्याच्या दराआधी त्या अधिकाराचा आग्रह धरावा, असे माझे मत आहे.