निवडणूक प्रचार (महाराष्ट्र)

निवडणूक प्रचार : उमेदवार, त्यांचे पक्ष व कार्यकर्ते यांनी मतदारांकडे मत मागण्यासाठी केलेले प्रयत्न. प्रस्तुत नोंदीत लोकसभा व विधानसभा निवडणुकांतील मतदारसंघ पातळीवरील प्रचाराचा विचार केला आहे.

प्रारंभाविषयी एकवाक्यता नाही. मुंबईत १८७२ च्या अधिनियमानुसार करदात्यांना महापालिकेच्या चौसष्टपैकी बत्तीस जागांवर प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला, त्यामुळे काहींच्या मते प्रचाराचे मूळ तेथे शोधावे. मात्र मतदार मूठभर असल्याने त्या काळी जाहीर सभांपेक्षा भेटीगाठींवरच भर असावा. १९०७ मध्ये फिरोजशहा मेहतांना पालिकेबाहेर ठेवण्यासाठी झालेली गटबाजी प्रसिद्ध आहे, पण तीही प्रामुख्याने ‘जस्टिस ऑफ द पीस’ (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) या मर्यादित मतदारवर्गातली होती. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९२० मध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला, तोही एक प्रारंभबिंदू मानतात. परंतु त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळकांचे निधन झाले व पुढे काँग्रेसने कायदेमंडळांच्या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. पक्ष, जाहीरनामा व गावोगावच्या सभा या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात त्या १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत. काँग्रेसप्रमाणेच ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेला डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्षही तीत उतरला होता. प्रारंभाविषयीचे हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रौढ मताधिकारानंतर प्रचाराचे स्वरूप मतदानाच्या तंत्राबरोबर बदलत गेले, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. १९५१-५२ व १९५७ मध्ये प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र असे व तिच्यावर चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, म्हणून प्रचारकाचे मुख्य काम ‘आपली पेटी’ ओळखायला शिकवणे हे होते. १९६२ पासून महाराष्ट्रात एकाच मतपत्रिकेवर चिन्हापुढे शिक्का मारण्याची पद्धत आली. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का, (अमुक चिन्हावर) मारा शिक्का’ ही सर्वपक्षीय घोषणा कधी रूढ झाली हे सांगणे कठीण असले, तरी आशय पाहता ती या बदलापूर्वीची नसावी. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्वत्र मतदान यंत्रे आली आणि शिक्का गेला. घोषणा मात्र ऐकू येत राहिली. काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीनंतर बैलजोडी मागे पडून इंदिरा गांधींच्या पक्षाला गाय-वासरू मिळाले, तेव्हाची ‘गाय-वासरू, नका विसरू’ ही घोषणा अधिक निश्चितपणे १९७१ ते १९७७ या काळात ठेवता येते.

यंत्रामुळे चिन्हाइतकेच अनुक्रमांकालाही महत्त्व आले. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की क्रमांक ठरतो आणि लगोलग रिक्षावरच्या भोंग्यातून तो कानी पडू लागतो. घरोघरी दाखवायच्या नमुना यंत्राचा आकार खऱ्याच्या निम्मा व रंग तपकिरी, पिवळा किंवा करडा असावा, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. चिन्हसाधर्म्य उमेदवाराला किती महागात पडू शकते हे २०२४ मध्ये सातारा लोकसभा मतदारसंघात दिसले. तेथे राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते. ‘ट्रम्पेट’ या चिन्हावर लढलेल्या एका अपक्षास विजयी मताधिक्याहून अधिक मते मिळाली. पवारांच्या पक्षाच्या उमेदवाराच्या पराभवाचे तेच एकमेव कारण होते असे ठामपणे म्हणता येत नाही.

नारळ फोडून शुभारंभ, पदयात्रा, औक्षण, कोपरा सभा व शेवटच्या दिवशीचे शक्तिप्रदर्शन हा क्रम सर्वपरिचित आहे. अर्ज माघारी व मतदान यांतील किमान अंतर १९९६ च्या दुरुस्तीने वीस दिवसांवरून चौदांवर आले. मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत जाहीर सभांना बंदी असते (लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१, कलम १२६). घरोघर भेटींना मात्र ती लागू नाही, आणि वृत्तपत्रे ज्याला ‘छुपा प्रचार’ म्हणतात त्याला या काळात जोर येतो.

खर्चमर्यादेचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रात ती २०२२ पासून लोकसभेसाठी ९५ लाख व विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात दिला. त्यावर लगेच कायदा दुरुस्त होऊन तो खर्च वगळण्यात आला. २००३ मध्ये ही सवलत आकसून मुख्यतः स्टार प्रचारकांच्या प्रवासखर्चापुरती उरली. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस प्रचारक नेमता येतात. त्यांच्या सभेत स्थानिक उमेदवार व्यासपीठावर बसला किंवा त्याचे छायाचित्र फलकावर झळकले, तर सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या नावे पडतो. त्यामुळे व्यासपीठावर कोण होते हे खर्च निरीक्षकांची पथके चित्रीकरणातून तपासतात. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. सबळ कारणाशिवाय तो न दिल्यास आयोग उमेदवारास तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.