लोन 'सँक्शन' होतं आणि देशावर 'सँक्शन्स' येतात

'सँक्शन' हा शब्द माहीत नाही असा मराठी माणूस विरळाच. घराचं लोन सँक्शन झालं की आपण पेढे वाटतो. आता क्लॅटची, म्हणजे कायद्याच्या शिक्षणासाठीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलीला उताऱ्यात वाक्य दिसतं, की एका देशाने दुसऱ्यावर 'सँक्शन्स' लादली. मंजुरी लादली? तिची गाडी तिथेच रुतते. मूळ लॅटिन शब्दाचा रोख कायद्याने एखादी गोष्ट पक्की करण्याकडे आहे. त्यातून संमती निघाली, तशी नियम मोडणाऱ्याची शिक्षाही निघाली. वहीत 'सँक्शन म्हणजे मंजुरी' एवढंच लिहून घोकलं असेल, तर इथे ती वहीच दगा देते.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विधी विद्यापीठांत क्लॅटमधून प्रवेश मिळतो. २०२० पासून या परीक्षेत सुटे शब्दार्थ विचारणं जवळपास संपलं आणि उतारे आले. इंग्रजीचा उतारा साधारण ४५० शब्दांचा असतो, म्हणजे हा लेख आहे जवळपास तेवढाच. सध्या एकूण १२० प्रश्न आणि १२० मिनिटं. वाचायचा वेळही त्यातच.

उतारा नीट कळायला त्यातले किती शब्द माहीत हवेत? न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या अभ्यासानुसार सुमारे ९८ टक्के. म्हणजे ४५० शब्दांत नऊ अनोळखी असले तरी चालेल. बावीस-तेवीस झाले की अंदाजाचा धागाच तुटतो. ९८ टक्के गाठायला इंग्रजीतली आठ ते नऊ हजार शब्द-कुटुंबं लागतात, असा त्यांचा हिशेब. (अ‍ॅग्री, अ‍ॅग्रीमेंट, डिसअ‍ॅग्री हे एक कुटुंब.) आकड्याने दचकायला होतं. पण खरी अडचण वेगळीच आहे. कोणत्याही भाषेत थोडे शब्द सतत राबतात आणि बाकीचे क्वचित तोंड दाखवतात. या क्वचितवाल्यांची गाठ पडायची तर भरपूर वाचण्यावाचून इलाज नाही.

वाचलेलं टिकवायचं कसं, यावर रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग मला फार आवडतो. कॉलेजच्या काही मुलांनी एक उतारा चार सत्रं नुसता वाचला. दुसऱ्या गटाने एक सत्र वाचला आणि उरलेली तीन सत्रं उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र पालटलं. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, आठवणारे ६१ वर राहिले. पुन्हा पुन्हा वाचल्याने 'येतंय मला' असं वाटतं खरं, पण ती नुसती ओळख असते. डोक्यातून शब्द ओढून काढावा लागतो तेव्हाच त्याची वाट मळते. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणवून घेणाऱ्या आजीला हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. पाटी समोर नसायची, आणि उद्या पुन्हा विचारणार हे ठरलेलं असायचं.

तेव्हा कार्डावर शब्द आणि अर्थ लिहू नका. वाक्यच लिहा, शब्दाची जागा रिकामी सोडा, उत्तर मागे. उद्या विचारा, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. 'सँक्शन'ची दोन कार्डं करा.

तरीही एक गोष्ट उरते, आणि क्लासवाले ती सहसा बोलत नाहीत. १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळाचा गंध नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. उतारा समजतो तो निम्मा आधीच्या माहितीवर. आणि माहिती कुठल्या भाषेतून आली, याच्याशी मेंदूला फारसं देणंघेणं नसतं. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी मराठी पेपर बंद करून फक्त इंग्रजीच वाचावं, हा सल्ला मला पटत नाही. सकाळी मराठी अग्रलेख वाचावा, दुपारी त्याच विषयावरचा इंग्रजी लेख. देशावर लादलेल्या 'सँक्शन्स'ना आपल्याकडे निर्बंध म्हणतात, हे त्या मुलीला सकाळी चहासोबतच कळलेलं असेल.