कागदयंत्रातील ओल्या पटाची घडण व निचरा

पाण्यात विखुरलेले लगद्याचे तंतू बारीक जाळीवर पसरून, त्यांतील पाणी जाळीतून गाळून काढून त्यांचा सलग ओला पट तयार करण्याची क्रिया. कागदयंत्राच्या ज्या भागात ती घडते त्याला कारखान्यात ‘वायर पार्ट’ किंवा नुसते ‘वायर’ म्हणतात. कागद सर्वत्र सारख्या जाडीचा होईल की ढगाळ, तो कोणत्या दिशेने सहज फाटेल आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींहून किती वेगळ्या असतील, हे सर्व येथेच, बहुधा एक-दोन सेकंदांत, ठरून जाते. पुढचे प्रेस आणि वाफेवर तापणारे सिलिंडर पट दाबून कोरडा करतात. जाळीवर बसलेली तंतूंची मांडणी मात्र त्यांना बदलता येत नाही. घडण आणि निचरा अशी दोन नावे सोयीसाठी घेतली जातात, पण ती एकच क्रिया आहे, कारण तंतूला त्याच्या जागी नेऊन बसवणारे बल हे निघून जाणाऱ्या पाण्याचेच असते.

जाळीवर येणारा लगदा फार पातळ असतो. त्यात तंतू व भरणद्रव्य (कागदात भरीला घातलेली खडू, चिनी माती यांसारखी भुकटी) मिळून वजनाने साधारणतः ०·२ ते १ टक्का घनपदार्थ असतो. हे प्रमाण ०·५ टक्के धरले तर एक किलो घनपदार्थाबरोबर १९९ किलो पाणी येते. जाळीच्या शेवटी पटातील घनपदार्थ सुमारे २० टक्क्यांवर पोहोचतो, म्हणजे किलोमागे ४ किलो पाणी उरते. बाकीचे १९५ किलो जाळीवरच गळून गेलेले असते. प्रेसनंतर घनपदार्थ ४५ टक्क्यांच्या आसपास जातो आणि किलोमागे जेमतेम सव्वा किलो पाणी राहते. वाळवणीच्या सिलिंडरांना काढावे लागते ते एवढेच पाणी, पण यंत्राला लागणाऱ्या वाफेचा बहुतेक भाग त्यावर खर्च होतो. प्रेसमधून निघणारा पट एका टक्क्याने अधिक कोरडा असला तर वाळवणीचा भार सुमारे चार टक्क्यांनी हलका होतो, आणि प्रेसला काय मिळणार हे जाळीवर ठरते. त्यामुळे कोणत्याही कारखान्यात निचऱ्याची चर्चा शेवटी कोळशाच्या हिशेबापाशी येऊन ठेपते.

इतके पाणी घालून लगेच काढून टाकणे हा वरकरणी अपव्यय वाटतो. त्याचे कारण तंतूंच्या लांबीत आहे. कठीण लाकडाचे तंतू सुमारे १ मिमी. आणि सूचिपर्णी लाकडाचे सुमारे ३ मिमी. लांब असतात, पण त्यांची जाडी मिलिमीटरच्या काही शतांशच असते. असा तंतू पाण्यात गोल फिरू लागला की स्वतःच्या लांबीएवढ्या व्यासाचा गोल अडवतो. एका गोलाच्या जागेत अनेक तंतू आले की ते एकमेकांत अडकतात व त्यांचे पुंजके बनतात. कागद उजेडासमोर धरल्यावर दिसणारे ढग म्हणजे हेच पुंजके. लगदा पातळ केल्याने ते कमी होतात, आणि तंतू जितके लांब तितके पाणी जास्त लागते. लांब तंतूंचा कागद मजबूत होतो, पण एकसारखा बनवणे कठीण जाते, ही अडचण या व्यवसायात कायमची आहे.

हातकागदाच्या कारागिराला हे सर्व अनुभवाने ठाऊक होते. महाराष्ट्रात जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही हातकागदाची जुनी केंद्रे. तेथील कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, जाळीचा साचा हौदात बुडवून लगदा उचलत आणि पाणी गळत असतानाच साचा पुढेमागे व आडवा हलवत, म्हणजे तंतू सर्व दिशांना पसरून एकमेकांत विणले जात. एका साच्यातून एक ताव निघे. फ्रान्समधील एसोन येथील कागद कारखान्यात काम करणाऱ्या निकोला-लुई रोबेर यांनी साच्याऐवजी अखंड फिरणारा जाळीचा पट्टा कल्पिला आणि १७९९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ही कल्पना इंग्लंडमध्ये गेली. हेन्री व सीली फोर्ड्रिनिअर या कागदविक्रेत्या भावांनी पैसा पुरवला आणि ब्रायन डॉन्किन या यंत्रज्ञाने १८०३ मध्ये हर्टफर्डशरमधील फ्रॉगमोर येथे पहिले उपयुक्त यंत्र चालवले. यंत्राला नाव लाभले ते पैसा पुरवणाऱ्यांचे. त्यांना त्यातून दिवाळखोरीच पदरात पडली, आणि पार्लमेंटने ७,००० पौंडांची भरपाई दिली ती १८४० साली. कारागिराचा हातही या यंत्रात राहिला : जाळीचा पट्टा आडवा हलवणारी यंत्रणा पुढे दीर्घकाळ वापरात होती आणि मंद गतीच्या काही यंत्रांवर ती आजही दिसते.

हेडबॉक्स : पट घडायला सुरुवात होते ती हेडबॉक्समध्ये. नळातून येणारा प्रवाह यंत्राच्या संपूर्ण रुंदीत सारखा पसरवणे, त्यातील पुंजके क्षुब्धता निर्माण करून फोडणे आणि ‘स्लाइस’ नावाच्या अरुंद फटीतून तो ठरावीक वेगाने जाळीवर सोडणे, ही त्याची कामे. फवाऱ्याचा वेग जाळीच्या वेगाच्या जवळपास ठेवावा लागतो. जुन्या उघड्या हेडबॉक्समध्ये हा वेग लगद्याच्या उंचीवरून मिळे : सेकंदाला १० मीटर वेगासाठी सुमारे ५ मीटर उंची पुरते, पण वेग दुप्पट करायचा तर उंची चौपट, म्हणजे २० मीटर लागते. एवढा उंच हौद कोणी बांधत नाही. वेग वाढले तसे बंद आणि दाबावर चालणारे हेडबॉक्स आले. रुंदीत कोठे पट जाड-पातळ झाला तर पूर्वी स्लाइसची ओठपट्टी स्क्रूने किंचित वाकवून तो सुधारत. आधुनिक यंत्रांत त्या जागी लगदा पातळ करणारे पाणी अधिक-उणे सोडून हे साधतात, कारण ओठपट्टी वाकवल्याने प्रवाह तिरका होतो आणि तंतूही तिरके बसतात.

फवारा जाळीपेक्षा थोडा जलद किंवा थोडा मंद असला की दोहोंमधील ओढीने तंतू यंत्राच्या दिशेत वळतात. वर्तमानपत्राचा कागद एका दिशेने फाडला तर सरळ चिरत जातो आणि काटकोनात फाडला की वेडावाकडा फाटतो, त्याचे मूळ येथे आहे. दोन्ही वेग अगदी सारखे ठेवले तर तंतू अधिक विस्कळीत बसतात, पण पुंजके ताणले जाऊन फुटण्याची संधी जाते. छपाईचा कागद, पिशव्यांचा मजबूत क्राफ्ट कागद आणि टिश्यू यांसाठी हे गुणोत्तर वेगवेगळे ठेवतात व ते टक्क्याच्या अंशापर्यंत सांभाळतात.

जाळीवरील निचरा : फवारा जाळीवर पडताच सर्वांत खालचे तंतू जाळीवर अडकतात आणि तेच पुढच्या तंतूंसाठी गाळणी बनतात. वरचा लगदा पातळच राहतो व खाली पटाचा थर वाढत जातो. या रीतीचा एक गुण असा, की जेथे थर पातळ असेल तेथून पाणी जास्त वेगाने जाते आणि आपल्याबरोबर तंतू तेथेच आणते. खड्डे आपोआप भरतात. निचरा सावकाश असेल तोवरच हे घडते. सुरुवातीलाच जोराने पाणी ओढले तर पहिला थर जाळीत रुतून घट्ट बसतो, जाळीचा छाप उठतो, बारीक कण वाहून जातात आणि नंतरच्या पाण्याची वाट अडते. उलट निचरा फारच रेंगाळला तर फोडलेले पुंजके सेकंदाच्या काही अंशात पुन्हा जमतात.

जाळीला पूर्वी खालून फिरत्या टेबल रोलचा आधार असे. रोल व जाळी एकमेकांपासून दूर होताना त्यांच्यामधल्या पाचरीसारख्या जागेत निर्वात निर्माण होतो आणि पाणी खाली खेचले जाते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की हे चूषण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यांच्या सूत्राने मिनिटाला १०० मीटर वेगाला ते दीड किलोपास्कलच्याही आत असते, पण ६०० मीटरला ५० किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ अर्ध्या वातावरणाएवढे होते. शिवाय रोलच्या पुढच्या बाजूने पाणी जाळीतून उलट वर ढकलले जाते. मंद यंत्रावर उपकारक ठरणारा रोल वेगवान यंत्रावर लगदा उडवू लागला, आणि त्याची जागा ‘फॉइल’ने घेतली. फॉइल ही जाळीखाली आडवी बसवलेली पट्टी असते. तिची मागची बाजू जाळीपासून साधारण १ ते ४ अंशांनी उतरती असते आणि तो कोन बदलून चूषण हवे तेवढे ठेवता येते. फॉइलांच्या ठोक्यांनी लगद्यात उठणारी हालचाल पुंजके मोडायलाही उपयोगी पडते. त्यापुढे सौम्य निर्वाताच्या व नंतर तीव्र निर्वाताच्या चूषणपेट्या येतात, आणि पाणी आपोआप गळण्याचे थांबल्यावर उरलेले पाणी त्या हवेच्या दाबाने बाहेर काढतात.

या पेट्यांच्या जवळ पटाची चकाकी जाते. तोपर्यंत पृष्ठभागावर पाण्याचा थर असतो व तो आरशासारखा चमकतो. पाणी तंतूंखाली उतरले की तो एकदम निस्तेज होतो. ही सीमा एका आडव्या रेषेत दिसते व तिला ‘ड्राय लाइन’ म्हणतात. रेषा पुढे सरकली तर निचरा मंदावला आहे. तिच्यात एका जागी जीभ पुढे आली असेल तर त्या पट्ट्यात लगदा जास्त पडतो आहे किंवा जाळी बुजली आहे. कितीही मापकयंत्रे बसवली तरी अनुभवी मशीनमन वायरपाशी आल्यावर आधी या रेषेकडे पाहतो.

लगद्याचा स्वभाव : लगदा पाणी किती लवकर सोडतो हे शॉपर-रिग्लर अंशांत किंवा कॅनेडियन फ्रीनेसच्या मिलिलिटरांत मोजतात, निचरा मंदावला की पहिला आकडा चढतो, दुसरा उतरतो. कुटाई जास्त केली की तंतूंना रोवे फुटतात, कागद मजबूत होतो आणि पाणी सुटेनासे होते. ग्लासिन या गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदासाठी तर लगदा मुद्दामच असा कुटतात आणि त्यासाठी यंत्राची मंद गती पत्करतात. भारतात हा प्रश्न कच्च्या मालामुळे अधिक टोचतो. गव्हाच्या व भाताच्या काडाच्या लगद्यात बारीक पेशी फार असतात. उसाच्या चोयट्यातील मऊ गर पाणी शोषून धरतो व जाळीची छिद्रे बुजवतो. तमिळनाडूत करूरजवळ १९७९ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स लिमिटेड या कंपनीने चोयट्यापासून मोठ्या प्रमाणावर कागद काढून दाखवला, पण गर आधी वेगळा काढणे हा अशा कोणत्याही उद्योगाचा पाया असतो. साखर कारखान्यांची दाटी असलेल्या महाराष्ट्रात चोयट्याच्या कागदाचा विषय निघतो तेव्हा ही बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. पाण्याचे तापमानही महत्त्वाचे : २० अंश से.च्या तुलनेत ५० अंश से.ला पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) जवळपास निम्म्यावर येते आणि निचरा त्या मानाने सुलभ होतो.

जाळीखाली पडणाऱ्या पाण्याला ‘बॅकवॉटर’ म्हणतात. त्यात सूक्ष्म तंतू, खडूची भुकटी व चिनी माती असते. ते लगेच नव्या लगद्यात मिसळून पुन्हा हेडबॉक्सकडे पाठवतात. तसे केले नाही तर यंत्राला लागणारे पाणी कोणत्याही नदीला परवडणार नाही. जाळीची छिद्रे या कणांपेक्षा मोठी असल्याने ते केवळ गाळून राहत नाहीत, तर तंतूंना चिकटवावे लागतात. धनभारित पॉलिअॅक्रिलामाइड हे लांब साखळीच्या रेणूंचे रसायन आणि त्यानंतर बेंटोनाइट ही माती किंवा कलिल (अतिसूक्ष्म कणांची) सिलिका घालून हे साधतात. मात्रा अधिक झाली तर कणांबरोबर तंतूंचेही पुंजके बांधले जातात आणि निचरा सुधारूनही कागद ढगाळ निघतो.

दोन जाळ्या : एकाच जाळीतून निचरा होत असल्याने जाळीकडच्या बाजूचे सूक्ष्म कण व भरणद्रव्य धुऊन जाते आणि कागदाच्या दोन बाजूंवर शाई वेगवेगळी बसते. वेगवान यंत्रावर पटाचा उघडा पृष्ठभाग हवेने उडू लागतो ती अडचण निराळीच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर दोन जाळ्यांची यंत्रे आली. त्यांत फवारा थेट दोन जाळ्यांच्या फटीत सोडतात आणि पाणी दोन्ही बाजूंनी काढतात. जाळी वक्र रोलवरून जाताना तिचा ताण भागिले वक्रतेची त्रिज्या एवढा दाब लगद्यावर येतो. मीटरला ८ किलोन्यूटन ताण व १ मीटर त्रिज्या असेल तर तो ८ किलोपास्कल भरतो. एकेका थरातून निम्मेच पाणी जायचे असल्याने निचरा फार जलद होतो. मिनिटाला १,५०० मीटरच्या पुढचे वेग या रचनेमुळेच शक्य झाले. हा पट डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे ड्राय लाइन वाचण्याचे कौशल्य येथे निरुपयोगी ठरते.

सिलिंडर मोल्ड : जॉन डिकिन्सन यांनी १८०९ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात जाळी मढवलेला पोकळ सिलिंडर लगद्याच्या हौदात फिरतो. आतली व बाहेरची पाण्याची पातळी वेगळी असल्याने पाणी आत जाते व तंतू जाळीवर चिकटतात. ही रीत संथ आहे. वेग वाढला की ओला पट सिलिंडरवरून निसटू लागतो. मात्र जाळीवर उठाव-खोलगट आकृती करून छटायुक्त जलचिन्ह (वॉटरमार्क) याच यंत्रावर उत्तम उतरते, कारण खोलगट भागात तंतू जास्त बसतात व उठावावर कमी. म्हणूनच नोटांचा कागद आजही असा बनतो. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आता नर्मदापुरम) येथे १९६८ मध्ये सुरू झालेला सिक्युरिटी पेपर मिल हा भारतातील असा एक कारखाना. तेथील कागद नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसकडे छपाईला येतो. साध्या कागदावरील जलचिन्ह वेगळ्या रीतीने, फोर्ड्रिनिअर जाळीवरच्या ओल्या पटावर ‘डँडी रोल’ हा आकृती बसवलेला जाळीचा रोल फिरवून उठवतात.

जाळीचा शेवट काउच रोलवर होतो. हा छिद्रे पाडलेला रोल आतून तीव्र निर्वाताने पाणी ओढतो. येथवर तंतूंमध्ये हायड्रोजन बंध जवळजवळ नसतात. पट टिकून राहतो तो तंतूंमधल्या पाण्याच्या पृष्ठताणामुळे आणि तंतूंच्या आपसांतील घर्षणामुळे, त्यामुळे घनपदार्थ एक-दोन टक्क्यांनी घटला तरी तो तुटू शकतो. पूर्वी पट मोकळ्या हवेतून ओढून प्रेसच्या फेल्टवर (पाणी शोषणाऱ्या जाड कापडी पट्ट्यावर) नेत; आता चूषणाच्या पिकअप रोलने फेल्ट त्याला जाळीवरूनच उचलून घेतो. कडा खडबडीत असल्याने त्या पाण्याच्या सुईसारख्या फवाऱ्याने कापतात. कडांच्या या पट्ट्या आणि ब्रेक झाल्यास, म्हणजे पट तुटल्यास, संपूर्ण पट काउचखालच्या खड्ड्यात पडतो, तेथे घोळवून पुन्हा लगद्यात मिसळला जातो.