गावकीची बैठक आणि ग्रामसभा

शिमग्याला पालखी अंगणात नाचते तेव्हा आजही माझे डोळे भरून येतात. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हिला गावकीच, म्हणजे देवाचं कामकाज पाहणारी गावची बैठकच, नको आहे. मला गावकी हवी आहे. ती ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसायला नको, एवढंच माझं म्हणणं.

घोळ होणं साहजिक आहे. सहाणेवर, म्हणजे पालखी टेकते त्या जागी, बैठकीला असतात तीच बरीचशी माणसं ग्रामसभेतही दिसतात. कधीकधी मानकरीच सरपंच असतो. पण दोन ठिकाणी तो ज्या अधिकाराने बोलतो, त्याचं मूळ एक नाही.

गावकी देवाची. पालखी आधी कुणाच्या दारी, गाऱ्हाणं कोण घालणार, वर्गणी किती, हे ती ठरवते. मान घराण्यात चालत येतो आणि बैठकीला घरटी एक माणूस बसतो, तोही बहुतेक पुरुषच. ग्रामसभा मतदारांची. यादीत नाव असलं की झालं. मग तो देवळात जाणारा असो, मशिदीत, विहारात, नाहीतर कुठेच न जाणारा. तिला अधिकार मिळतो १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातून, आणि पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत.

हा फरक आमच्या घरी कळला तो काकीमुळे. तिला ग्रामपंचायतीकडून नमुना ८ चा उतारा, म्हणजे पंचायतीच्या दप्तरातल्या घराच्या नोंदीची नक्कल, हवा होता. टेबलापलीकडून उत्तर आलं, "शिमग्याची वर्गणी राहिलीय, आधी ती भर." काकीच्या पिशवीत घरपट्टीची चालू वर्षाची पावती होती. घरपट्टी थकली तर पंचायत नोटीस काढते, वसुली करते, तो तिचा हक्क आहे. वर्गणी मात्र श्रद्धेने द्यायची. एखाद्या विशिष्ट धर्मासाठी खास राखलेला कर भरायला कुणाला भाग पाडता येत नाही, असं संविधानाचं कलम २७ सांगतं. मग जी वर्गणी करसुद्धा नाही, तिच्यासाठी सरकारी कागद कसा अडवता येईल?

वर्गणीवरून वाळीत टाकण्यापर्यंत गोष्ट गेली, तर तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आपल्या राज्यात ३ जुलै २०१७ पासून लागू आहे; शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बैठक देवळात झाली म्हणून त्यातून सुटका नाही.

सरकारी संस्था रूढीपुढे वाकली की काय होतं, ते आपल्याच कोकणात महाडने पाहिलं आहे. चवदार तळं सर्वांना खुलं, असा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. तरी काठावर अडवणूक चालूच राहिली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह ते पाणी प्यायले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्यांच्या हाती शिक्का होता तेच मागे हटले. तळ्यावरच्या रूढीचा दावा मुंबई हायकोर्टाने फेटाळला तो १९३७ मध्ये. दहा वर्षं गेली.

काकीने लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. उतारा मिळाला. यंदा पालखी आली तेव्हा तिने देवीची ओटी भरली आणि वर्गणीही दिली, आपल्या मनाने, सहाणेवर जाऊन.