तबकडीवरची भूतकथा मुळात कोणाची?

जुन्या एलपी (गाण्या-गोष्टींच्या मोठ्या तबकड्या) आमच्याकडे डिजिटल करून घ्यायला आलेले बरेच जण हमखास विचारतात, "लहानपणी ऐकलेली ही गोष्ट लिहिली कोणी? पुस्तकात मिळेल का?" म्हणून इंग्रजी भूतकथांच्या तबकडीबरोबर आम्ही मूळ कथेची चिठ्ठीही देतो.

कव्हरवर विसंबून चालत नाही. 'गोल्डन रेकॉर्ड्स' या कंपनीची १९६२ ची मुलांसाठीची एलपी घ्या. कव्हरवर नाव रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचं, गोष्टी सांगतो जॉन अ‍ॅलन आणि लिहिणारे भलतेच. 'द ओपन विंडो' साकी या इंग्रजी लेखकाची, १९१४ च्या 'बीस्ट्स अँड सुपर-बीस्ट्स' या संग्रहातली. 'द हाँटेड अँड द हाँटर्स' हे शीर्षक इंग्रजी कादंबरीकार बुलवर-लिटनच्या १८५९ च्या कथेचं. तबकडीवर त्याला 'चाच्याचा शाप' अशी जोड आहे. कथा तर लंडनमधल्या घराची, मग समुद्री चाचा आला कुठून? मूळ कथा वाचताना एक वाक्य सापडतं: त्या घरात पूर्वी भाड्याने राहिलेल्या बाईचा अमेरिकन नवरा चाचा असावा, असं लोक म्हणत. असा धागा हाती लागला, की आम्ही तबकडी आणि छापील मजकूर शेजारी ठेवून ताडून बघतो. या कामात आमचा जीव रमतो, वेळही तिथेच जातो.

शीर्षक बदललं असेल, तर पात्रांची नावं आणि एखादं वेगळं वाक्य उतरवून घेतो आणि 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहातल्या जुन्या पुस्तकांत शोधतो. 'द ओपन विंडो'मधलं फ्रॅम्टन नटेल हे नाव कानावर पडलं, की साकी सापडलाच. नावंही बदलली असतील, तर खुणा बघायच्या: उघडी खिडकी, दमलेला तपकिरी स्पॅनिअल कुत्रा, पांढरा कोट.

काही गोष्टींना लेखकच नसतो. लिफ्ट मागून गाडीतून नाहीशी होणाऱ्या प्रवाशाच्या ७९ हकिकती बीअर्डस्ली आणि हँकी या अभ्यासकांनी अमेरिकेत १९४२ च्या सुमारास जमवल्या होत्या. आपल्याकडे अशीच गोष्ट कसारा घाटातली म्हणून सांगतात. तिथे आम्ही चिठ्ठीवर 'लोककथा' एवढंच लिहितो, ओढूनताणून कोणाचं नाव चिकटवत नाही.

तबकडी आणताना कव्हर आणि आतला कागदही आणा. कव्हर फाटलेलं असलं तरी टाकू नका, चिकटपट्टीही लावू नका. आणि घरात कोणाला त्या गोष्टीतलं एखादं वाक्य आठवत असेल, तर लिहून आणा. अर्धवट आठवलं तरी चालेल.