काचेची सोलर प्लेट आणि वाकणारी सोलर प्लेट: फिरत्या घराच्या छतावर कोणती बसवावी?

नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूरच्या बाजारात "गाडीच्या छतासाठी १०० वॅटची सोलर प्लेट द्या" असे म्हटले, तर दुकानदार आपल्यासमोर दोन अगदी वेगळ्या वस्तू ठेवू शकतो. एक ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली काचेची, सात-आठ किलो वजनाची. दुसरी जाड पुठ्ठ्यासारखी, हाताने किंचित वाकणारी, दोन-अडीच किलोंची. दोन्हींच्या पाठीवरच्या लेबलवर १०० वॅट लिहिलेले असते, दोन्हींचे व्होल्टेज भर उन्हात १८ च्या आसपास असते आणि दोन्हींच्या आत सिलिकॉनचेच सेल, म्हणजे उन्हापासून वीज बनवणाऱ्या पातळ चकत्या, असतात. त्यामुळे फरक केवळ वजनाचा आहे असे वाटते, आणि पिकअपवर किंवा ट्रेलरवर राहण्याची सोय करून ताडोबा, नवेगावबांध, मेळघाट असे फिरणारी माणसे साहजिकच हलकी प्लेट उचलतात. माझ्या मते आपल्या विदर्भात, विशेषतः पत्र्याच्या छतावर, हा निर्णय बहुतेक वेळा चुकतो. तो का चुकतो हे समजण्यासाठी प्लेटपेक्षा प्लेट आणि छत यांच्यामधल्या जागेकडे पाहावे लागते.

काचेची प्लेट ब्रॅकेटवर किंवा कॅरिअरवर बसते आणि तिच्याखाली हवा खेळते. वाकणारी प्लेट सीलंटने किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने थेट छताला चिकटवली जाते, म्हणजे तिच्याखाली हवा नसते, तापलेला पत्रा असतो. लेबलवरचे १०० वॅट सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस धरून मोजलेले असतात, आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला सिलिकॉनच्या सेलची क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात अकोला, वर्धा, ब्रह्मपुरीकडे हवाच ४५ अंशांच्या घरात असते. अशा दुपारी खालून हवा मिळणाऱ्या प्लेटचे सेलही ७० अंशांपर्यंत तापू शकतात, म्हणजे साधारण १६ टक्के वीज तिथेच गेली. चिकटवलेल्या प्लेटचे सेल आणखी १०-१५ अंश वर गेले, तर आणखी चार-पाच टक्के जातात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चिकटवलेली प्लेट तापली की वीज निम्म्यावर येते, असे अनेक जण सांगतात. ते खरे नाही. त्या दिवसापुरता दोन प्लेटांमधला फरक चार-पाच टक्क्यांचाच असतो आणि तेवढ्यासाठी कोणी पाच किलो वजन छतावर वाढवू नये, असे म्हणता येईल. खरा फरक प्लेट किती वर्षे टिकते यात आहे.

आमच्या ट्रेलरवर पहिल्यांदा वाकणारी प्लेटच चिकटवली होती. पहिला हिवाळा उत्तम गेला. पंखा, दिवे, मोबाइल, लहान फ्रीज, सगळे तिच्यावर चालले. दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस वरच्या प्लास्टिकला फोड आले, दोन सेलवर तपकिरी डाग उमटले आणि भर दुपारीही प्लेट लेबलच्या निम्मी वीज देईना. विक्रेत्याने छताच्या उष्णतेचे कारण सांगून हात वर केले. त्याचे कारण खोटे नव्हते, फक्त ते विकताना सांगायला हवे होते.

काचेच्या प्लेटमध्ये ठिसूळ, कागदाइतके पातळ सेल काच आणि चौकट यांच्या आधाराने सपाट राहतात. वाकणाऱ्या प्लेटमध्ये हा आधार नसतो. तिचा आधार म्हणजे खालचे छत. गाडी कच्च्या रस्त्यावर खडखडली की पत्रा लवतो, त्याबरोबर प्लेट लवते आणि सेलमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. त्यात रात्रंदिवस चालणारे आकुंचन-प्रसरण आहे: एक मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा ५० अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरहून अधिक लांबतो, लोखंडी पत्रा त्याच्या निम्मा, आणि सिलिकॉन त्याहूनही कितीतरी कमी. हा ताण सेल जोडणाऱ्या बारीक पट्ट्यांवर येतो. भेग पडलेला किंवा सावलीत आलेला सेल वीज देण्याऐवजी बाकीच्यांची वीज उष्णतेत घालवू लागतो आणि तेवढाच ठिपका भाजून निघतो. काच तो ठिपका बराच काळ सहन करते, प्लास्टिक करपते. प्लास्टिकमध्येही दोन जाती आहेत, हे विकत घेताना विचारावे. पीईटीचा थर उन्हाने पिवळा पडतो, ईटीएफईचा थर पुष्कळ अधिक टिकतो. पण वरचा थर चांगला असला तरी खालच्या पत्र्याची धग तीच राहते.

आणखी एक गोष्ट विदर्भात राहणाऱ्याला सहज पटेल. उन्हाळा लागला की आपण अंगणात तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव घालतो, कारण सावली आणि तिच्याखालून वाहणारा वारा मिळून गारवा देतात. उंचावून बसवलेली काचेची प्लेट छतावर नेमका असाच मांडव घालते. ऊन ती अंगावर घेते आणि तिची धग खालचा वारा घेऊन जातो. चिकटवलेली काळी प्लेट मात्र तीच धग पत्र्यातून थेट आत, झोपण्याच्या जागी पोचवते. आत माणसे झोपणार असतील, तर माझ्या दृष्टीने हे एकच कारण पुरेसे आहे.

अर्थात ही मोकळी जागा फुकट मिळत नाही. ज्या फटीतून वारा खेळतो, त्याच फटीतून तो प्लेट उचलायलाही पाहतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३०० पास्कल, म्हणजे साधारण ३० किलो वजनाइतका असतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अवकाळी वादळात समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला, तर त्याच वेगाच्या गाडीवर हा दाब सव्वादोन पट होतो. १०० वॅटची प्लेट अर्ध्या चौरस मीटरहून थोडी मोठी असते, यावरून बोल्टवर काय येते याचा अंदाज करावा. म्हणून नुसत्या पत्र्यात सेल्फ स्क्रू मारून ब्रॅकेट बसवणे हे काम नव्हे. खडखडाटाने भोक मोठे होते आणि स्क्रू निघून येतो. ब्रॅकेट छताच्या आतल्या आडव्या पट्टीवर येईल असे बघावे, बोल्ट आरपार घेऊन आतून रुंद पट्टी किंवा मोठे वॉशर द्यावे, आणि सैल न होणारे नायलॉक नट वापरावेत. भोकाभोवती पॉलियुरेथेन सीलंट आधी लावून मग बोल्ट आवळावा, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे छताच्या मजबूत भागावर कॅरिअरच्या दोन आडव्या दांड्या आणि त्यांवर प्लेट. छतात नवी भोकेच पडत नाहीत आणि हवेलाही भरपूर जागा राहते. निदान दोन इंच फट असावी. त्याहून बरीच जास्त ठेवायची असेल, तर पुढच्या बाजूला वारा वर वळवणारी तिरपी पट्टी लावावी.

वाकणारी प्लेट सर्वथा टाकाऊ आहे, असे मी म्हणणार नाही. घडी होऊन वर उघडणारे तंबूचे छत, फायबरचे गोलाकार छत किंवा लहान गाडीने ओढायचा हलका ट्रेलर असेल, तर तिथे तिला पर्याय नाही. चार प्लेटा बसवायच्या झाल्या तर काचेच्या ३० किलोंच्या आसपास भरतात आणि वाकणाऱ्या दहा किलोंत आटोपतात; गाडीच्या माथ्यावरचे वीस किलो घाटातल्या वळणावर जाणवतात. अशा वेळी प्लेट थेट छताला न चिकटवता आधी पॉलिकार्बोनेटच्या पोकळ शीटवर चिकटवावी आणि ती शीट छतावर बसवावी. शीटच्या नळ्यांची तोंडे उघडी ठेवली तर थोडी हवा खेळते, प्लेटला सपाट आधार मिळतो आणि पुढे प्लेट बदलताना छताचा रंग सोलून निघत नाही.

गारपिटीचा विचार आपल्याकडे टाळता येत नाही. आंतरराष्ट्रीय चाचणीतून उत्तीर्ण झालेल्या काचेच्या प्लेटवर २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर वेगाने मारून पाहिलेले असतात. त्यामुळे अशा प्रमाणपत्राची प्लेट घेतली, तर काच फुटेल ही भीती बरीच कमी होते.

उन्हाच्या कोनातही काचेची प्लेट उपयोगी पडते. नागपूर २१ अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सपाट प्लेटला काहीच तोटा नसतो. परंतु जंगलात फिरायचा हंगाम हिवाळ्याचा, आणि डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. तेव्हा सपाट प्लेटला थेट ऊन सुमारे ३० टक्के कमी मिळते. चौकटीच्या एका बाजूला बिजागऱ्या लावल्या, तर मुक्कामी प्लेट दक्षिणेकडे तिरपी उभी करता येते. चिकटवलेल्या प्लेटला ही सोय नाही. तिरप्या प्लेटवर काळ्या मातीची धूळही कमी टिकते. सपाट प्लेटवर ती दवाने भिजून चिखलासारखी बसते आणि प्लास्टिकचा थर कोरड्या फडक्याने पुसला तर ओरखडे कायमचे राहतात. आधी पाणी ओतावे.

हमीच्या बाबतीत काचेच्या प्लेटवर साधारण २५ वर्षे आणि वाकणाऱ्यांवर पुष्कळदा एक ते पाच वर्षे असे आकडे दिसतात. मात्र काचेच्या प्लेटच्या हमीपत्रात चालत्या वाहनावर बसवल्यास हमी लागू नाही, असे कलम अनेकदा असते. ते वाचूनच पैसे द्यावेत, आणि छतात बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या स्वरूपापेक्षा वेगळे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत.

प्लेट कोणतीही असो, बसवल्यावर पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळून पाहावेत. कॅरिअरचे क्लॅम्प प्रत्येक कच्च्या रस्त्यानंतर तपासावेत, आणि चिकटवलेल्या प्लेटच्या कडा सुटल्या आहेत का हे बोट फिरवून बघावे, कारण एक कोपरा सुटला की पुढच्या वाऱ्यात उरलेली प्लेट त्याच कोपऱ्यापासून उलटते.